विषय: फॅमिली वकील हवाय, तातडीने

मंडळी,
इथे कॅलिफोर्नियात माझ्या एका मैत्रिणीला घटस्फोट आणि मुलाच्या कस्टडीसाठी वकील हवाय. मराठी बोलणारा असेल तर सोन्याहून पिवळं. नवऱ्याकडून कोर्टाचे कागद परवाच हातात पडलेत, 30 दिवसांत उत्तर द्यायचंय. त्यात डिसेंबरची पुण्याची तिकिटं काढलेली, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात ज्या वकिलांची जाहिरात असते ते चालतील का?
– सनीवेलची ताई

ते इमिग्रेशनवाले. एच-वन व्हिसा, ग्रीन कार्ड एवढंच करतात. गेल्या वर्षी मीच तिघांना हे सांगितलंय. (अर्ध्या पानाचे पैसे अजून यायचेत, तो विषय वेगळा.)
– माजी खजिनदार

मराठी कशाला हवा गं? जज्जसमोर उभं राहायचंय, भोंडला नाही खेळायचा! मी घेतला होता मराठी वकील. निम्मा वेळ डोंबिवलीच्या गप्पा, आणि बिल सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने. गप्पांचंसुद्धा! स्टेट बारच्या (वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर ‘सर्टिफाइड फॅमिली लॉ स्पेशालिस्ट’ शोध, आपल्या सांता क्लारा काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा बघ.
– फ्रीमाँटची मावशी

डोंबिवलीला नावं ठेवायचं कारण कळलं नाही.
– एक डोंबिवलीकर

मंडळाच्या ईमेल लिस्टवर कायदेशीर सल्ला नको, असं जानेवारीच्या बैठकीत ठरलंय. कृपया व्हॉट्सॲपवर घ्या.
– समिती

ठरलं असेल, पण एवढं सांगतोच. ताई, समन्सचं मागचं पान वाचायला सांगा. कागद हातात पडल्यापासून दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मुलाला कॅलिफोर्नियाबाहेर नेता येत नाही. नवा पासपोर्टही काढता येत नाही. परस्पर परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याचा जो हेग करार आहे, त्यात भारत नाही, त्यामुळे पुण्याचं नाव काढलं की इथले जज्ज जास्तच सावध होतात. संमती लेखीच घ्या. तोंडी ‘जा गं’ला अर्थ नाही. आणि कस्टडीवरून जुंपली तर सुनावणीआधी मीडिएशन (मध्यस्थाबरोबर बैठक) सक्तीचं असतं, त्याची तयारी वकिलाकडून करून घ्या.
– क्युपर्टिनोचे काका

काका बरोबर बोलतायत. पण ताई, वकिलांची नावं इथे नकोत. कोणाबद्दल चाललंय ते निम्म्या लिस्टला कळलंय, आणि गणपतीत साउंड सांभाळणारे गृहस्थही इथेच आहेत. ते आधी जाऊन त्या वकिलाशी सविस्तर बोलून आले, तर तो वकील मग मैत्रिणीची केस घेऊ शकत नाही.
– ढोलपथक

मंडळाचे दोन स्पीकर अजून त्यांच्याच गॅरेजमध्ये आहेत ना? कोर्टाची भानगड वाढायच्या आत कोणीतरी घेऊन या.
– माजी खजिनदार

नावं नका टाकू, खरंय. मैत्रीण सोमवारी कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरला (वकिलाशिवाय येणाऱ्यांच्या मदतकक्षात) जातेय. तिथे रांग असते म्हणे. शाळा अडीचला सुटते.
– सनीवेलची ताई

मी घेते त्याला शाळेतून. पिक-अपच्या यादीत माझं नाव घाल, आणि डब्यात काय खातो ते फोनवर सांग. इथे नको.
– मावशी