बीपी नॉर्मल दिसत होता तरी पेशंट शॉकमध्ये गेली, चुकलं कुठे?

पेठरोड_एमओ:
पेठ तालुक्यात एमओ (मेडिकल ऑफिसर) आहे, इथे ब्लड बँक नाही, नाशिक गाठायचं तर सावळघाट ओलांडून. परवा दुसरं बाळंतपण, बाळ मस्त, वार पूर्ण पडली पण पिशवी (गर्भाशय) मऊच, रक्त थांबेना. बीपी १०४/७० म्हणून मी निवांत, पल्स १२८ होती ती घाबरली असेल म्हणून सोडून दिली. वीस मिनिटांत घामाने गार, जांभया द्यायला लागली, बीपी ७०, म्हणजे शॉक, रक्त कमी पडून अवयवांना पुरेना. वाचली, पण माझी झोप उडालीय.

गायनॅक_नाशिक:
पल्सला वरच्या बीपीने भागा. १२८ भागिले १०४ म्हणजे १.२ च्या वर, ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्के वाढलेलं असतं, त्यामुळे लिटर-दीड लिटर जाईपर्यंत बीपी तग धरतो आणि मग एकदम कोसळतो. ट्रॅनेक्सा (रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड) दिलं का? १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत हळू, बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत. २०१७ च्या वुमन ट्रायलनंतर (बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ट्रॅनेक्साची मोठी चाचणी) यात वाद राहिलेला नाही. ऑक्सिटोसिन (पिशवी आवळणारं औषध) आणि पिशवीचा मसाज चालूच ठेवायचा, ट्रॅनेक्सा त्याच्या जोडीला.

भूलवाला:
दोन जाड सुया, १६ नंबरच्या, शिरा चपट्या होऊन सापडेनाशा व्हायच्या आधी लावा. आणि नुसतं सलाईन ओतत बसू नका, रक्त पातळ होतं, गुठळी धरत नाही, पेशंट गार पडते ते वेगळंच. रक्तासाठी पुढे फोन आधी करा. बाळ पोटात असताना शॉक आला तर उताणी झोपवू नका, उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे कलती करा, नाहीतर पिशवीचं वजन मोठ्या शिरेवर येऊन हृदयाकडे रक्तच परतत नाही.

लेबररूम_सिस्टर:
सर, लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भाशय आवळत नाही, कॅथेटर (लघवीची नळी) घातलं होतं का? आणि चादरीवरचं रक्त डोळ्यांनी मोजलं की हमखास कमी वाटतं, आम्ही पॅड वजन करतो. घाटात रक्त थांबत नसेल तर कॅथेटरला कंडोम बांधून गर्भाशयात घालायचा आणि सलाईनने फुगवायचा, साधारण ३०० ते ५०० एमएल, आमच्याकडे एक पेशंट त्याच्यावरच नाशिकपर्यंत टिकली.

पेठरोड_एमओ:
कॅथेटर नव्हतं घातलं सिस्टर, तिथेच गेलो. अजून एक, बीपी वाढलेली बाई असेल तर पिशवी आवळायला मेथर्जिन चालेल?

लेबररूम_सिस्टर:
अजिबात नको सर, बीपी आणखी चढतो. तिला ऑक्सिटोसिन, नाहीतर जिभेखाली मिसो (मिसोप्रोस्टॉलची गोळी).