मदत हवी आहे: फवारणी पंपाचं धुवण जिरवायचा ड्रम, पण काळी माती तडकते

नमस्कार राजेहो. मी बायोकेमिकल इंजिनिअर, मूळ घाटंजी तालुक्यातला. कपाशीची फवारणी झाली की पंप धुतलेलं पाणी आपल्याकडे सरळ नाल्यात, नाहीतर विहिरीच्या काठाशी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

सध्या 200 लिटरच्या ड्रममध्ये साधा बायोरिअॅक्टर, म्हणजे धुवणातलं विष बुरशीकडून तोडून घ्यायचं भांडं, करून पाहतोय. कल्पना स्वीडनची, 1993 सालची 'बायोबेड': अर्धा गव्हाचा भुसा, पाव भाग माती, पाव भाग पीट, म्हणजे दलदलीतला कुजका पालापाचोळा. भुशातलं लिग्निन (काडीला कडकपणा देणारा घटक) तोडायला बुरशी जी विकरं (एन्झाइम) सोडते, तीच कीटकनाशकाचे रेणूही तोडतात. पीट इथं कुठून आणू? म्हणून कुजलेलं शेणखत घातलं, आणि भुशाऐवजी पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, चुरा. नाहीतरी ती बांधावर जळतेच.

अडचण मातीची. जरा वाळली की तडकते आणि पुढचं धुवण भेगेतून सरळ खाली. बुरशीला वेळच मिळत नाही. पाणी जास्त झालं तर चिखल, हवा बंद, वर वास. (आईनं ड्रम गोठ्यामागं हलवायला लावला.)

कुणी काळ्या मातीत वाळू किंवा विटांचा चुरा मिसळून पाहिलाय का? किती? सोयाबीनचं कुटार चालेल, की लवकर कुजून बसेल? आणि पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र घाटंजी-पांढरकवडा भागात भाड्यानं कुणाकडे आहे? मागच्या खेपेला कुऱ्हाडीनं तोडली, हात सोलून निघाले.