फंक्शनल ॲनालिसिसला मेजर थिअरीची पूर्वअट हवी कशाला?

अनंतश्रेणी (चर्चाप्रस्ताव):
एम.एस्सी.ला फंक्शनल ॲनालिसिस (फलनांच्या अवकाशांचा व त्यांवरील रेषीय कारकांचा अभ्यास) घ्यायचे तर आधी मेजर थिअरी (लांबी-क्षेत्रफळासारखी मापे संचांना देण्याचा सिद्धांत) उत्तीर्ण असावे, अशी अट काही विभाग घालतात. माझ्या मते ती अनाठायी आहे. हान-बानाख, बेअरचे प्रमेय आणि त्यातून निघणारे एकसमान सीमिततेचे प्रमेय, या विषयाच्या पायाभूत प्रमेयांपैकी कशाच्याही सिद्धतेत मेजर थिअरीवर उभा असलेला लेबेग समाकल लागत नाही. लागते ती मेट्रिक स्पेस आणि रेषीय बीजगणित यांची पक्की तयारी, आणि नेमकी तिचीच चौकशी कोणी करत नाही. संतत फलनाची फूरिये श्रेणी एखाद्या बिंदूपाशी अपसारी असू शकते, हे द्यू ब्वा-रेमों यांनी 1873 मध्ये, म्हणजे लेबेगच्या जन्माआधी दोन वर्षे, दाखवून दिले होते. आज एकसमान सीमिततेच्या आधारे आपण तेच थोडक्यात सिद्ध करतो, तेही रीमान समाकलावर भागवून.

उणेएक:
सहमत नाही. [0,1] वर अशी संतत फलने घ्या, की जी 1/2 पर्यंत 0 आहेत, पुढच्या 1/n लांबीत सरळ रेषेने 1 पर्यंत चढतात आणि मग तिथेच राहतात. निरपेक्ष मूल्याच्या समाकलाने अंतर मोजले, तर ही कॉशी क्रमिका होते, म्हणजे तिची पदे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येत जातात. पण तिची सीमा संतत फलनांत सापडत नाही. रीमान-समाकलनीय फलने घेतली तरी पूर्णता, म्हणजे प्रत्येक कॉशी क्रमिकेला तिथेच सीमा असणे, मिळत नाही. ती मिळते लेबेगमुळे, आणि 1907 च्या रीस-फिशर प्रमेयाचे महत्त्व यातच आहे. हे न शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती बानाख अवकाशाची (नॉर्म असलेल्या पूर्ण अवकाशाची) व्याख्या येते, पण उदाहरणांच्या नावाने ठणठणाट!

अनंतश्रेणी:
ठणठणाट कसा? क्रमिकांचे सर्व ℓᵖ अवकाश आहेत, कमाल-नॉर्म घेतलेला C[0,1] आहे, आणि संहत कारकांचा वर्णपट-सिद्धांत तर ℓ² वर सुखेनैव शिकवता येतो. L¹ (वरच्या समाकल-अंतराचा पूर्ण अवकाश) हवाच असेल, तर परिमेय संख्यांवरून वास्तव संख्या घडवतो तसे पूर्णीकरण करावे.

उणेएक:
पूर्णीकरणातून हाती येतात ते क्रमिकांचे वर्ग. त्यांना फलने म्हणायचे, तर 'जवळजवळ सर्वत्र' म्हणजे काय हे सांगावेच लागते, आणि तिथे मेजर थिअरी मागील दाराने आत येतेच.

कोपरा_बाक:
मी हा विषय शिकवतो आणि अटीच्या बाजूने आहे. C[0,1] चा ड्युअल (त्यावरील संतत रेषीय फलनकांचा अवकाश) काय, हा प्रश्न वर्गात हटकून येतो आणि त्याचे उत्तर मेजरमध्येच आहे. अन्यथा 'पुढे कळेल' म्हणून वेळ मारून न्यावी लागते.

अनंतश्रेणी:
सर, रीस यांनी 1909 मध्ये दिलेले उत्तर स्टीलत्येस समाकलाच्या भाषेत होते. त्यासाठी लागणारी बाउंडेड व्हेरिएशनची (एकूण चढउतार सीमित असलेली) फलने वास्तव विश्लेषणाच्या पदवी अभ्यासक्रमातही येऊ शकतात.

कोपरा_बाक:
[0,1] सारख्या अंतरालापुरते मान्य. परंतु कोणत्याही संहत हाउसडॉर्फ अवकाशासाठी ते पुरत नाही, आणि स्वसंलग्न कारकांचे वर्णपट-प्रमेय सर्वसाधारण रूपात मांडायचे, तर प्रक्षेपांवर मूल्ये घेणारे मेजर लागते. हा भाग पहिल्या अभ्यासक्रमातून काढायचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. मग अटही काढू.

अनंतश्रेणी:
काढावाच. तो दुसऱ्या अभ्यासक्रमात जावा, आणि अट त्याला लावावी.