मदत हवी आहे: पुढचा डावा लॉकिंग हब धरत नाही

गाडी जुनी डिझेल फोर बाय फोर, हब (चाक आतल्या शाफ्टला जोडणारा किंवा सोडणारा भाग) हाताने डायल फिरवून लॉक करायचे. फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणारी सेटिंग) पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो, म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ठीक. तरी चिखलात पुढची दोन्ही चाकं ढिम्म.

टू-व्हीलमध्ये ठेवून पुढची चाकं जॅकवर घेतली, दोन्ही हब लॉक केले. उजवं चाक हाताने फिरवलं की आतला क्रॉस (शाफ्टचा सांधा) सोबत फिरतो. डावीकडे नुसतं कटकट वाजतं, क्रॉस जागचा हलत नाही. डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) साधा, विना-लॉकचा असल्याने सगळी ताकद त्या मोकळ्या शाफ्टमध्ये जात असणार, म्हणून उजवंही ओढत नाही.

हब खोलला. आत ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. डिझेलने धुऊन नव्या ग्रीसचा पातळ हात दिला, डायल आता मऊ फिरतो, पण कटकट तशीच. स्प्रिंग तुटलेली नाही, बेअरिंगला प्ले नाही.

मेकॅनिक म्हणतो, हब काढून सरळ फ्लँज (चाक शाफ्टला कायम जोडून ठेवणारी चकती) लाव. ते नको, मग पुढचा अॅक्सल डांबरी रस्त्यावरही कायम फिरत राहणार.

हब लॉक करताना शाफ्टला धरणाऱ्या सरकत्या रिंगचे दाते झिजलेत की स्प्रिंग नरम पडलीय, हे खोललेल्या हबवर कसं ओळखायचं? आणि नुसती रिंग बदलून भागेल का, की जोडीच घ्यावी लागेल?