अनुभव धागा: चोक, हँडल आणि मोकळे रस्ते

कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) जमान्यात गाडी चालवलेल्या सगळ्यांना आमंत्रण. कुठलं मॉडेल भारी, या वादात शिरू नका. त्या गाडीनं तुमच्याकडून काय करून घेतलं आणि शहर तिच्यातून कसं दिसायचं, ते लिहा. सुरुवात मीच करतो.

सकाळी गाडी सुरू करणं हे स्वतंत्र काम असायचं. चोकची खुंटी बाहेर ओढली की कार्बोरेटरमध्ये हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. थंड इंजिनाला तेच लागतं. मग आवाज ऐकत ऐकत खुंटी हळूहळू आत सारायची. फार वेळ ओढून ठेवली तर प्लग काळे होऊन गाडी मिसिंग करू लागे. वडील आत दाढी करत असायचे, तिथूनच ओरडायचे, "आता घे आत!" त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. गल्लीतली प्रत्येक गाडी आम्हाला आवाजावरून ठाऊक होती. कोण कामावर निघालं हे खिडकीत न जाता कळायचं. हल्ली शेजारी कधी गेले, कधी आले, पत्ता लागत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक निवृत्त शिक्षक

बॅटरी उतरली की हँडल मारायचं, म्हणजे गाडीच्या पुढून लोखंडी दांडा घालून इंजिन हातानं फिरवायचं. काकांनी पहिला धडा दिला तो अंगठ्याचा: चारही बोटांच्या बाजूलाच अंगठा ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. आणि जोर वर ओढताना लावायचा, खाली दाबताना नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हाताला जोरात झटका देतं. विळखा असेल तर अंगठा किंवा मनगट मोडतं. कॅडिलॅकनं 1912 मध्ये विजेचा स्टार्टर आणला, पण त्यानंतर कित्येक दशकं गाड्यांसोबत हँडल येतच राहिलं. आम्ही ते डिकीत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवत असू.

रात्रपाळी केलेल्या एक आजी

डायनामोची आठवण कुणी काढतच नाही! इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज तयार करायचं काम त्याचंच; हल्लीसारखा अल्टरनेटर आमच्या गाडीला नव्हता. डायनामो इंजिन हळू फिरताना फारशी वीज देत नाही, त्यामुळे सिग्नलला थांबलं की दिवे पिवळे, मंद व्हायचे. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पुन्हा उजळायचे. रात्री कामावरून परतताना चौकात उभ्या असलेल्या गाड्यांचे डोळे मिटत आलेले असत आणि हिरवा दिवा लागला की सगळ्यांचे एकदम उघडत. मला ते फार आवडायचं. डिपरचं, म्हणजे दिव्यांचा झोत खाली करायचं बटण डाव्या पायाशी, जमिनीवर. समोरून गाडी आली की पायानं दाबायचं, समोरचाही दाबायचा. एवढ्या रात्री रस्त्यावर आपण दोघंच, आणि दोघांनी एकमेकांची काळजी घेतली, असं वाटायचं.

बाई गाडी चालवते म्हणून लोक वळून बघायचे, तेही खरं. पण चौकातल्या हवालदारांना माझी गाडी माहीत होती. लांबून दिसली की हात वर करून मला आधी सोडायचे.

हात दाखवून वळणारा

उजवीकडे वळायचं तर हात बाहेर, वेग कमी करायचा तर पंजा खाली-वर. काही गाड्यांना खांबातून बाहेर येणारा छोटा पिवळा बाण असायचा, पण तो अडकायचा आणि त्याला आतून बुक्की मारावी लागे. माझा भरवसा हातावरच.

एक डॉक्टर

सगळं वाचताना डोळे भरून आले, तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. तीन ठिकाणी बांधणारा सीटबेल्ट व्होल्वोनं 1959 मध्ये आणला, निल्स बोलिन यांनी तो तयार केला आणि कंपनीनं ते पेटंट इतरांनाही वापरू दिलं. तरी आमच्या गाडीत पट्टे नव्हते. पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं बसत असू, मधलं मूल डॅशबोर्डच्या पत्र्यासमोर. अशी डोकी मी पुढे नोकरीत शिवली आहेत. आणि पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जात होतं. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणं जगात पूर्णपणे थांबलं ते थेट 2021 मध्ये. त्या गाड्यांवर माझं प्रेम आहे, पण नातवंडांना मी नव्या गाडीतच बसवते.

गॅरेज चालवलेले एक आजोबा

डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे. शिशाबद्दल एक जोडतो. इंजिनानं ठोके मारू नयेत म्हणून ते पेट्रोलमध्ये घालत, पण त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटही (इंजिनातल्या झडपा जिथे टेकतात त्या कडा) झिजत नसत. म्हणून जुन्या इंजिनाला बिनशिशाचं पेट्रोल सतत वापरायचं तर हेडमध्ये कडक सीट बसवून घ्याव्यात.

माझं आयुष्य पॉइंट घासण्यात गेलं, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी द्यायला लावणारे छोटे संपर्क साफ करण्यात. फट साधारण 0.4 मिलिमीटर, फीलर गेजनं (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजायची. गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसायचं, बॉनेट उघडं, आणि मी काय करतो ते बघत बघत स्वतःच शिकायचं. पुढच्या वेळी तेच सांगायचं, "टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं पुढे गेलंय का बघा." अशी माणसं घडताना बघणं हे या धंद्यातलं मोठं सुख. आता बॉनेटखाली प्लास्टिकचं झाकण असतं आणि गिऱ्हाईक काचेपलीकडच्या खोलीत बसतं. गाड्या कमी बिघडतात, हे मान्य. पण मालकाला गाडीची ओळखच होत नाही, ही गोष्ट मला सलते.

छोट्या गाडीचा चाहता

माझी मिनी. 1959 मध्ये बाजारात आलेली, कल्पना ॲलेक इसिगोनिस यांची: इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या टाकीत, चाकं फक्त 10 इंची. लांबी जेमतेम 3 मीटर, पण चार माणसं नीट बसत. शहर त्या गाडीला मोठं वाटायचं. थिएटरच्या दारात गाडी लावून आत जायचं, परत येऊन त्याच जागेवरून निघायचं. नकाशा नव्हता, म्हणून काच खाली करून रस्ता विचारायचा; सांगणारा कधी कधी आतच बसून वाट दाखवायचा.

पुन्हा गॅरेजवाले आजोबा

कुणाकुणाच्या घरी जुनी गाडी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली असेल. हे वाचून लगेच सेल्फ मारू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, त्यात चिकट गाळ होतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग इंजिन हातानं फिरवून बघा. अडलं तर जोर करू नका. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, ते पूर्ण बदला, रबरी पाइप तपासा. तेलपाणी बघून मगच चावी फिरवा. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो सोडलेल्या ऑइलचा असतो. थोड्या वेळात थांबला नाही तर गाडी बंद करून माहीतगार माणसाला बोलवा.