मदत हवी आहे: नॅरो-वाइड चेनरिंग आणि भारतातलं पेटंट

पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) असलेल्या सायकलसाठी ३२ दात्यांची नॅरो-वाइड रिंग सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटाई यंत्रावर) काढायची आहे. एक दाता जाड, पुढचा बारीक. जाड दाता चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांमधल्या रुंद फटीत, बारीक दाता आतल्या कडीत. त्यामुळे दात्यांची संख्या समच लागते.

अमेरिकेत स्रॅम विरुद्ध फॉक्स फॅक्टरी या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या वादात अशा रिंगवरची स्रॅमची दोन पेटंटं होती, शेवटचे आकडे ०२७ आणि २५०. दुसऱ्यात अट आहे की दात्याच्या मध्यावर जाड दात्याने फटीची किमान ८० टक्के रुंदी भरावी. २०१९ मध्ये अपील कोर्टाने ०२७ वैध ठरवणारा पेटंट मंडळाचा निकाल फेरविचाराला परत पाठवला. २०२० मध्ये २५० मात्र टिकलं. म्हणजे ८० टक्के हाच कळीचा आकडा. पण भराव ७५ टक्क्यांवर आणला म्हणजे सुटलो असं नाही, कारण ०२७ च्या दाव्यांत (पेटंटची हद्द ठरवणाऱ्या कलमांत) ही अट नाहीच.

पेटंट देशापुरतं असतं, म्हणून प्रश्न भारताचा:

१. या पेटंट कुटुंबातला (त्याच शोधावरचा) भारतीय अर्ज इनपासवर (भारतीय पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन शोधसेवेवर) अर्जदाराच्या नावाने शोधावा की पीसीटी (आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाच्या) क्रमांकाने? नूतनीकरण शुल्क थकून पेटंट रद्द झालंय का, हे कुठे दिसतं?

२. पेटंट कायद्याच्या कलम १०५ खाली उल्लंघन नसल्याची घोषणा मागण्याआधी पेटंटधारकाला लेखी तपशील द्यावा लागतो. त्यात संपूर्ण ड्रॉइंग द्यायचं, की दात्याचा छेद आणि मापं पुरतात?

३. खोक्यावर ‘नॅरो-वाइड’ छापलं, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मधला वर्णनात्मक वापराचा बचाव चालेल का? ट्रेडमार्कच्या वर्ग १२ मध्ये (वाहनं आणि त्यांचे भाग) शोध घेतलेल्यांनी कृपया सांगावं.