हरकतींनी आराखडा बदलतो, मुंबईत बदललाय

शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याबद्दल, "हरकती लिहून काय उपयोग, आराखडा वरूनच ठरतो," असं एकांनी म्हटलंय. मला नाही पटत. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा लोकांनी नकाशात आपापली गल्ली शोधून ढळढळीत चुका दाखवल्या, हजारो हरकती दिल्या. सरकारला तो दुरुस्तीला पाठवावाच लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला.

खरी अडचण महानगर प्रदेशाची, म्हणजे मुंबई आणि आसपासच्या शहरांच्या मिळून होणाऱ्या पट्ट्याची. उल्हास नदी बदलापूर, कल्याण अशा किती हद्दींतून वाहते, एकट्या पालिकेच्या हातात काय असणार? त्यासाठीच राज्यघटनेत महानगर नियोजन समिती आहे, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींतून निवडायचे असतात. तुमच्या नगरसेवकाला या समितीबद्दल जरूर विचारा.